झडप बदलली, पुढची जबाबदारी कोणाची?

हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याच्या बातम्या आता महानगरांबाहेरच्या रुग्णालयांतूनही येऊ लागल्या आहेत. सोबतच्या छायाचित्रात डॉक्टरांचे पथक असते, खुर्चीत बसलेला रुग्ण असतो, कोणत्या सरकारी योजनेतून खर्च भागला याचा उल्लेख असतो आणि ‘रुग्णाला घरी सोडण्यात आले’ या वाक्याने बातमीचा शेवट होतो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र अवघड भाग याच वाक्यापासून सुरू होतो. कृत्रिम झडप बसवणे हे काही तासांचे काम आहे. ती सांभाळणे हे उर्वरित आयुष्याचे काम आहे. रक्ताची तपासणी, गोळीची मात्रा, दातांची निगा, ताप आल्यास घ्यायची खबरदारी आणि दहा-पंधरा वर्षांनी कदाचित दुसरी शस्त्रक्रिया, एवढे सगळे त्या कामात येते.

गेल्या दोन दशकांत आरोग्य विमा योजनांमुळे ही शस्त्रक्रिया सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली, ही मोठी कमाई आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या व्यवस्थेने झडपेचे पैसे मोजले, तिने झडपेनंतरच्या आयुष्याचा हिशेब केलेला दिसत नाही. कृत्रिम झडपेच्या गुंतागुंतींचा विचार म्हणूनच केवळ वैद्यकीय राहत नाही; तो सार्वजनिक धोरणाचा प्रश्न ठरतो.

आजार वयाचा आणि आजार गरिबीचा

हृदयात चार झडपा असतात. रक्त एकाच दिशेने पुढे जावे, मागे परतू नये, एवढेच त्यांचे काम. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा धडधडते आणि तितक्याच वेळा या झडपा उघडतात, मिटतात. झडप अरुंद झाली तर रक्त पुढे जाण्यास अडथळा होतो. नीट मिटेनाशी झाली तर रक्त मागे गळते. दोन्ही स्थितींत हृदयावर ताण येतो, दम लागतो आणि उपचार न झाल्यास हृदय थकत जाते.

श्रीमंत देशांत झडप खराब होण्याचे मुख्य कारण वार्धक्य हे आहे. वयानुसार महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या एऑर्टिक झडपेत चुना साचतो आणि ती ताठर होते. भारतात हे कारण वाढते आहेच. पण त्याच्या जोडीला एक जुने कारण अद्याप ठाण मांडून आहे. स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे लहानपणी घसा दुखतो, त्याकडे दुर्लक्ष होते, काही मुलांना नंतर सांधे धरणारा ऱ्हुमॅटिक ताप येतो आणि त्यातून हृदयाच्या झडपांना, विशेषतः डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेला, कायमची इजा होते. हा ताप प्रामुख्याने पाच ते पंधरा वर्षे वयोगटातील मुलांना गाठतो. दाटीवाटीची घरे आणि वेळेवर न मिळणारे उपचार ही त्याची सुपीक जमीन. आंतरराष्ट्रीय संशोधकांच्या अंदाजानुसार २०१५ साली या विकाराने जगभरात सुमारे ३ लाख १९ हजार मृत्यू झाले; त्यांपैकी सुमारे १ लाख १९ हजार एकट्या भारतातील होते.

याचा अर्थ सरळ आहे. पाश्चात्त्य देशांत झडप बदलून घेणारा रुग्ण बहुधा सत्तरीचा असतो. भारतात तो विशी-तिशीतला शेतमजूर, रिक्षाचालक किंवा नुकतीच लग्न झालेली तरुणी असू शकते. कृत्रिम झडपेच्या गुंतागुंती दोघांनाही सारख्याच लागू असल्या, तरी त्या सोसण्याचा काळ आणि सोसण्याची ऐपत यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

दोन पर्याय, दोन्हींची किंमत

प्रत्येक बिघडलेली झडप बदलावीच लागते असे नाही. अरुंद झालेली मायट्रल झडप अनेकदा फुग्याच्या साह्याने रुंद करता येते. काही झडपा शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात. शक्य असेल तेथे स्वतःची झडप टिकवणे केव्हाही चांगले. ते शक्य नसते तेव्हाच कृत्रिम झडपेचा विचार होतो आणि मग दोन मार्ग समोर येतात.

पहिला मार्ग यांत्रिक झडपेचा. १९६० साली अमेरिकेतील शल्यविशारद आल्बर्ट स्टार आणि अभियंता लोवेल एडवर्ड्‌स यांनी धातूच्या पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप रुग्णांत यशस्वीपणे बसवली. पुढे चेंडूच्या जागी कलणारी तबकडी आली आणि १९७७ मध्ये विशिष्ट प्रकारच्या कार्बनपासून बनवलेल्या दोन अर्धगोल पाकळ्यांची झडप वापरात आली. आजही याच घडणीच्या यांत्रिक झडपा सर्वाधिक प्रचलित आहेत. त्या सहसा झिजत नाहीत. अनेक दशके टिकतात. परंतु परक्या पृष्ठभागाला स्पर्श झाला की रक्त गोठू पाहते. म्हणून यांत्रिक झडप बसवलेल्या माणसाला रक्त गोठण्याची प्रक्रिया मंदावणारी गोळी आमरण घ्यावी लागते.

दुसरा मार्ग जैविक झडपेचा. ती डुकराच्या झडपेपासून किंवा गाय-बैलाच्या हृदयावरील आवरणापासून, रासायनिक प्रक्रिया करून तयार केली जाते. तिच्यासाठी ही गोळी सहसा काही महिनेच पुरते. मात्र ही झडप साधारणपणे दहा ते पंधरा वर्षांत झिजते, तिच्यात चुना साचतो. रुग्ण जितका तरुण तितकी ही झीज लवकर. म्हणजे तिशीत जैविक झडप बसवली तर पंचेचाळिशीच्या आत-बाहेर पुन्हा शस्त्रक्रियेची तयारी ठेवावी लागते. झडप कोणत्या प्राण्याच्या ऊतीपासून बनली आहे, हा भारतातील अनेक कुटुंबांसाठी श्रद्धेचाही प्रश्न असतो. तो शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री संमतिपत्रावर सही घेताना नव्हे, तर आधीच मोकळेपणाने बोलला जायला हवा.

ढोबळमानाने पन्नाशीच्या आतील रुग्णाला यांत्रिक आणि पासष्टीनंतर जैविक झडप सुचवली जाते. भारतातील ऱ्हुमॅटिक विकाराचे रुग्ण तरुण असल्याने त्यांच्या वाट्याला यांत्रिक झडप अधिक येते. विरोधाभास असा की, जी झडप काटेकोर देखरेख मागते, ती देखरेखीच्या सोयी सर्वांत कमी असलेल्या माणसाच्या छातीत बसते.

गुठळी आणि रक्तस्राव यांमधली अरुंद वाट

यांत्रिक झडपेची सर्वांत भयावह गुंतागुंत म्हणजे तिच्यावर गुठळी जमणे. गुठळीचा कण सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होतो. गुठळी झडपेवरच वाढली तर पाकळी अडकते आणि काही तासांत जीव धोक्यात येतो. यांत्रिक झडपेची बारीक टिकटिक अनेक रुग्णांना शांत खोलीत ऐकू येते. ती एकाएकी दबली, दम लागू लागला, बोलताना जीभ जड झाली किंवा हातपाय लुळा पडला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठणे आवश्यक असते. ही घटना दुर्मीळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. अडकलेल्या झडपेवर गुठळी विरघळवणारे औषध कोणत्या गतीने द्यावे, याचा दिल्लीच्या एम्समधील अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्यांदाच झडप अडकलेल्या १२० रुग्णांचा समावेश होता. एकाच संस्थेत एवढे रुग्ण मिळावेत, यातच प्रश्नाचा आकार दिसतो.

गुठळी टाळण्यासाठी वॉरफरिन किंवा ॲसिनोकूमारॉल ही औषधे दिली जातात. त्यांची मात्रा सर्वांना सारखी नसते आणि एकाच माणसालाही कायम सारखी राहत नाही. ती ठरवण्यासाठी आयएनआर नावाची रक्ततपासणी करावी लागते. निरोगी माणसात हा आकडा एकच्या आसपास असतो. यांत्रिक एऑर्टिक झडप असलेल्यात तो साधारण दोन ते तीन आणि मायट्रल झडप असलेल्यात अडीच ते साडेतीन या पट्ट्यात राखावा लागतो. आकडा खाली घसरला तर गुठळीचे भय; वर चढला तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्रावाचे. या अरुंद वाटेवरून रुग्णाला आयुष्यभर चालायचे असते.

वाट डळमळीत करणाऱ्या गोष्टी रोजच्या जगण्यातल्याच असतात. हिरव्या पालेभाज्यांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते या गोळीच्या विरुद्ध काम करते. गोव्यात आणि कोकणात पावसाळ्यात तायकिळा, अळू, शेवग्याचा पाला, तांबडी भाजी यांची रेलचेल असते. श्रावणात मासळी बंद झाली की ताटातील पाला आणखी वाढतो. भाजी सोडण्याची मुळीच गरज नाही, पण आहार एकसारखा ठेवावा आणि ऋतू बदलला की तपासणी करून घ्यावी, हे रुग्णाला कोणीतरी समजावून सांगावे लागते. अंगदुखीवर दुकानातून घेतलेली वेदनाशामक गोळी रक्तस्राव वाढवू शकते. काही प्रतिजैविके आयएनआर वर नेतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन तो खाली आणते. मद्यपानाचाही परिणाम होतो. काढे आणि घरगुती औषधे या हिशेबात कुठे बसतात, हे अनेकदा डॉक्टरांनाही ठाऊक नसते, कारण रुग्ण ती सांगतच नाही.

नियमित तपासणीची गरज नसलेली नवी औषधे आता बाजारात आहेत आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी ती सर्रास दिली जातात. यांत्रिक झडपेसाठी मात्र ती चालत नाहीत. डॅबिगॅट्रानची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अपिक्साबॅनची चाचणीही २०२२ मध्ये मुदतीपूर्वी बंद झाली. ‘तपासणीचा त्रास नको’ म्हणून परस्पर औषध बदलणे म्हणूनच प्राणावर बेतू शकते.

जंतुसंसर्ग, गळती आणि झीज

दुसरा मोठा धोका जंतुसंसर्गाचा. कृत्रिम झडपेवर जंतूंनी ठाव धरला की तो काढणे अतिशय कठीण जाते. अनेक आठवडे शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात आणि काही वेळा झडप पुन्हा बदलावी लागते. जंतूंचा रक्तात शिरण्याचा एक मार्ग म्हणजे दात आणि हिरड्या. दात काढण्यासारख्या उपचारांपूर्वी कृत्रिम झडपवाल्या रुग्णाने प्रतिजैविकाची एक मात्रा घ्यावी, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. दंतवैद्याला झडपेबद्दल सांगणे, तोंडाची स्वच्छता ठेवणे आणि रेंगाळणाऱ्या तापावर रक्ताची जंतुपरीक्षा होण्यापूर्वीच प्रतिजैविके न घेणे, या तीन गोष्टी खर्चाच्या नाहीत; पण त्या माहीत असाव्या लागतात.

याखेरीज झडप आणि हृदयाची कड यांच्या फटीतून रक्त गळणे, त्या गळतीत तांबड्या पेशी फुटून पंडुरोग होणे, झडपेभोवती तंतुमय ऊती वाढणे, शरीराच्या मानाने झडप लहान पडणे, अशा गुंतागुंतीही आढळतात. त्या हळूहळू वाढतात आणि नियमित इकोकार्डिओग्राफीत लक्षात येऊ शकतात. तपासणीच झाली नाही तर त्या लक्षात येतात तेव्हा उशीर झालेला असतो.

वृद्धांसाठी गेल्या काही वर्षांत तिसरा मार्ग खुला झाला आहे. छाती न उघडता, मांडीतील रक्तवाहिनीतून नळीद्वारे एऑर्टिक झडप बसवण्याची ‘तावी’ पद्धत फ्रान्समधील हृदयरोगतज्ज्ञ आलँ क्रिबिए यांनी २००२ साली प्रथम वापरली. महाराष्ट्राच्या वेशीवरील वापी येथील मेरिल कंपनीच्या ‘मायव्हॅल’ या झडपेला भारतात २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, पहिल्या तीस दिवसांच्या निकषांवर, ती प्रस्थापित परदेशी झडपांपेक्षा कमी ठरली नाही. भारतीय अभियांत्रिकीसाठी ही अभिमानाची बाब आहे. या पद्धतीलाही पक्षाघात, कडेची गळती, मांडीतील रक्तवाहिनीची इजा आणि काही रुग्णांना पेसमेकरची गरज, अशा गुंतागुंती आहेतच; आणि अशी झडप दीर्घकाळ किती टिकते, हा प्रश्न रुग्णाचे वय जितके कमी तितका महत्त्वाचा ठरतो.

तरुण स्त्रियांची कोंडी

या सगळ्यात सर्वाधिक अडचणीत सापडते ती यांत्रिक झडप बसवलेली तरुण स्त्री. मायट्रल झडप अरुंद होण्याचे प्रमाण स्त्रियांत अधिक आहे. गर्भारपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढते, त्यामुळे झडपेवर गुठळी होण्याचा धोका वाढतो. वॉरफरिन चालू ठेवल्यास पहिल्या तिमाहीत गर्भात व्यंग निर्माण होण्याची शक्यता असते. ते थांबवून हेपॅरिनची इंजेक्शने दिल्यास आईच्या झडपेचे संरक्षण तितके भक्कम राहत नाही. निर्धोक असा पर्याय नाही. कमी धोक्याचा पर्याय हृदयरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांनी मिळून, तोही गर्भधारणेपूर्वी, ठरवायचा असतो.

प्रत्यक्षात लग्न ठरवताना छातीवरचा व्रण लपवला जातो, गोळी चोरून घेतली जाते किंवा बंद होते. मातृत्वाची अपेक्षा असलेल्या तरुणीला, पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागेल हे माहीत असूनही, जैविक झडप सुचवली जाते ती याच कारणाने. हा निर्णय तिचा असायला हवा. पण संमतिपत्रावरची सही बहुधा वडिलांची किंवा नवऱ्याची असते.

उपकरणच सदोष निघाले तर

आतापर्यंतच्या गुंतागुंती शरीर आणि झडप यांच्या संबंधातून उद्भवणाऱ्या होत्या. इतिहासात याहून वेगळा धडाही आहे. स्वीडनचे शल्यविशारद विकिंग ब्यर्क आणि अमेरिकी अभियंता डोनाल्ड शायली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झडपेची एक सुधारित आवृत्ती १९७९ पासून बाजारात आली. तबकडी धरून ठेवणारा तिचा एक आधार वेल्डिंगने जोडलेला होता. तो काही रुग्णांत तुटू लागला. तबकडी निसटली की रक्ताभिसरण कोलमडत असे. ही झडप १९८६ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आली, तोवर जगभरात सुमारे ८६ हजार रुग्णांत ती बसवली गेली होती. सहाशेहून अधिक झडपा तुटल्या आणि त्या रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश दगावले. शायली कंपनीची मालकी असलेल्या फायझरला पुढे न्यायालयीन तडजोडीत मोठी रक्कम मोजावी लागली. १९९७ मध्ये जंतुसंसर्ग टाळण्यासाठी चांदीचा थर दिलेली एका नामांकित कंपनीची झडप आली. तिच्या कडेने गळती अधिक आढळल्याने २००० मध्ये तीही परत मागवण्यात आली.

झडप मागे घेतली म्हणजे प्रश्न मिटत नाही. ती आधीच हजारो छातींत असते. कोणत्या माणसाच्या छातीत कोणत्या अनुक्रमांकाची झडप आहे, हे ठाऊक असेल तरच त्याला सावध करता येते. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने शरीरात कायमस्वरूपी बसवल्या जाणाऱ्या महत्त्वाच्या उपकरणांचा माग ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक झाले. स्वीडनमध्ये हृदयावरील शस्त्रक्रिया आणि झडपांची राष्ट्रीय नोंदवही आहे. कोणती झडप किती टिकली, याची उत्तरे तिच्यातून मिळतात.

भारताकडे झडप बनवण्याची परंपरा आहे, झडपेचा माग ठेवण्याची नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली बनलेली झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णात बसवली गेली. आधीचे आराखडे चाचणीत अपयशी ठरल्यावर हे यश आले होते. तिचा पिंजरा मिश्रधातूच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेला आहे, त्यात वेल्डिंगचा सांधा नाही. आयात झडपांहून बऱ्याच कमी किमतीत मिळणारी ही झडप आजवर एक लाखाहून अधिक रुग्णांत बसवली गेली. वलियाथन यांचे जुलै २०२४ मध्ये निधन झाले.

नियमनाच्या बाजूने पाहता, हृदयाच्या झडपा २००५ पासून औषध कायद्याच्या कक्षेत आहेत आणि २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत त्या सर्वाधिक जोखमीच्या वर्गात मोडतात. उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१५ मध्ये सुरू झाला. परंतु प्रत्येक रुग्ण आणि त्याच्या झडपेचा अनुक्रमांक यांची सांगड घालणारी बंधनकारक राष्ट्रीय नोंदवही नाही. तिच्या अभावी काय होते, हे जॉन्सन अँड जॉन्सनच्या सदोष ठरलेल्या खुब्याच्या सांध्यांच्या प्रकरणात देशाने अनुभवले. ते सांधे २०१० मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. भारतात भरपाईचे सूत्र ठरायला २०१८ साल उजाडले आणि तेव्हाही हजारो रुग्णांचा ठावठिकाणा लागला नव्हता. खुब्याचा दोष वेदना देतो. झडपेचा दोष वेळ देत नाही.

योजना कोठे थांबते

सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात आणि झडप बदलण्याची शस्त्रक्रिया त्यात समाविष्ट आहे. दाखल होण्यापूर्वीचे तीन आणि नंतरचे पंधरा दिवसही त्यात धरले जातात. बाह्यरुग्ण तपासणी मात्र योजनेबाहेर आहे. पंधरा दिवसांनंतरची प्रत्येक आयएनआर तपासणी, तिच्यासाठी बुडालेला रोजगार आणि प्रवास हा रुग्णाचा खासगी खर्च ठरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये योजनेचे दार सत्तरी ओलांडलेल्या सर्वांसाठी उघडण्यात आले. पण या वयात जिची गरज सर्वाधिक, त्या ‘तावी’ पद्धतीचा खर्च सर्वसाधारणपणे पाच लाखांत बसत नाही. स्टेंटच्या किमतींवर फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल मर्यादा घालण्यात आली. हृदयाच्या झडपांवर तशी मर्यादा नाही, केवळ वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक किंमतवाढ करता येत नाही.

महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काही ठरावीक उपचारांनंतरच्या पाठपुराव्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे, म्हणजे कल्पना नवी नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ही योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कर्नाटकाशी राजकीय वाद रंगला. त्या वादात एक साधा प्रश्न मागे पडला: बेळगाव परिसरातील रुग्णाची झडप कोणत्याही राज्याच्या पैशाने बसली, तरी दर महिन्याची रक्ततपासणी त्याने कोठे करायची? सिंधुदुर्गातील रुग्ण बांबोळीला येतात. तेथे परराज्यांतील रुग्णांकडून २०१८ पासून शुल्क घेतले जाते. शस्त्रक्रिया एका राज्यात, गोळ्या दुसऱ्या राज्यात आणि जुने कागद प्लास्टिकच्या पिशवीत, ही सीमेवरच्या रुग्णाची नित्याची अवस्था आहे.

करता येण्याजोग्या गोष्टी

यावरचे उपाय अवाढव्य नाहीत. बोटातील रक्ताच्या थेंबावर आयएनआर सांगणारी लहान यंत्रे उपलब्ध आहेत. ती जिल्हा रुग्णालयांत आणि निवडक प्राथमिक आरोग्य केंद्रांत ठेवता येतील. न्यूझीलंडमध्ये प्रशिक्षित औषधविक्रेते आपल्या दुकानातच ही तपासणी करून मात्रा ठरवतात. गोव्यासारख्या लहान राज्यात म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस अशा रुग्णांसाठी राखून ठेवणे आणि मात्रेचा निर्णय दूरध्वनीवरून बांबोळीच्या तज्ज्ञांशी बोलून घेणे अशक्य नाही. जेथे अंतरे लहान आहेत, तेथे हा प्रयोग सर्वांत आधी व्हायला हवा.

दुसरे, प्रत्येक रुग्णाला झडपेचा प्रकार, आकार, अनुक्रमांक, शस्त्रक्रियेची तारीख आणि आयएनआरचा अपेक्षित पट्टा नमूद केलेले कार्ड त्याच्या भाषेत मिळाले पाहिजे. हीच माहिती त्याच्या चौदा अंकी आभा क्रमांकाशी जोडली, तर तो पणजीत असो, बेळगावात असो वा इंदूरमध्ये, तेथील डॉक्टरला ती दिसेल आणि राष्ट्रीय नोंदवहीचा पायाही आपोआप घातला जाईल. रुग्णाच्या संमतीची आणि गोपनीयतेची काळजी घेऊन हे करता येते. तिसरे, विमा योजनांनी झडपेच्या रकमेसोबत किमान काही वर्षांच्या तपासणीची रक्कम बांधून द्यावी. अडकलेल्या झडपेसाठी अतिदक्षता विभागात ठेवलेला एक रुग्ण किंवा पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला एक कमावता माणूस यांच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे.

आणि सर्वांत स्वस्त उपाय तर झडप बिघडण्यापूर्वीचा आहे. ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन अनेक वर्षे दिले, तर ताप पुन्हा उलटण्याचे आणि झडपेची हानी वाढण्याचे प्रमाण लक्षणीय घटते. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या विकाराविरुद्ध ठराव केला. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांच्या तपासणीच्या यादीत हा विकार आहे. यादी आहे, औषध स्वस्त आहे. सातत्याचा अभाव आहे. शाळेतील तपासणीत ऐकू आलेली हृदयाची वेगळी कुरकुर इकोकार्डिओग्राफीपर्यंत पोहोचली आणि त्या मुलाचे इंजेक्शन चुकले नाही, तर वीस वर्षांनंतरची एक शस्त्रक्रिया टळू शकते.

कृत्रिम झडपेने लाखो माणसांना आयुष्य परत दिले आहे, आणि तिच्या गुंतागुंती वाचून कोणी सुचवलेली शस्त्रक्रिया टाळू नये. निकामी झडपेसह जगणे बहुधा त्याहून धोक्याचे असते. त्या गुंतागुंतींपैकी बऱ्याच आधी ओळखता येतात आणि काही टाळताही येतात. त्यासाठी महिन्याकाठी रक्ताचा एक थेंब, एक नोंद आणि ती वाचणारा कोणीतरी हवा असतो. योजनांचे यश यापुढे किती झडपा बसवल्या या आकड्यावर न मोजता, त्या बसवलेली किती माणसे पाच आणि दहा वर्षांनी धडधाकट आहेत, या आकड्यावर मोजले जावे. तो आकडा आज कोणत्याही राज्य सरकारने विधानसभेत मागितल्याशिवाय मिळणार नाही. म्हणून तो मागण्याची सुरुवात लोकप्रतिनिधींनीच करायला हवी.